प्रवर्धन जागेवरच का हवं?

मेंदूचे सिग्नल तारेने बाहेर आणून मग मोठे केले (म्हणजे त्यांचं प्रवर्धन केलं) तर काय बिघडतं, असा प्रश्न पडू शकतो. बिघडतं ते वाटेतच. डोक्याच्या त्वचेवर ईईजीचा (मेंदूच्या विद्युत हालचालींच्या नोंदीचा) सिग्नल जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचा. तार जरा हलली तरी त्यात गोंगाट मिसळतो आणि पुढचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच वाढवतो.

म्हणून सिग्नल जागेवरच मोठा करणारा ऑरगॅनिक इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टर मला फार मोलाचा वाटतो. त्यातला पेडॉट-पीएसएस हा वीज वाहणारा पॉलिमर ओला झाला की किंचित फुगतो आणि सोडियमसारखे आयन (विद्युतभारित कण) थेट त्याच्या आत शिरतात. नेहमीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये सगळा खेळ पृष्ठभागापाशी चालतो. इथे थराची अख्खी जाडी कामाला लागते. आत आलेल्या धन आयनांमुळे पॉलिमरमधले वीज वाहून नेणारे वाहक कमी होतात, प्रवाह घटतो. गेटवरच्या (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या टोकावरच्या) इवल्याशा फरकाने प्रवाह बराच बदलतो, तोही १ व्होल्टपेक्षा कमी दाबावर. २०१३ मध्ये उंदरांच्या मेंदूवर ठेवून अशा ट्रान्झिस्टरने नोंदी घेतल्याही गेल्या.

खरी अडचण वेगाची आहे. थर जाड केला तर प्रवर्धन वाढतं, पण आयनांना आतबाहेर करायला वेळ लागतो. हृदयाच्या संथ ईसीजी सिग्नलला ते चालतं. न्यूरॉनच्या (मेंदूतल्या पेशीच्या) मिलिसेकंदभराच्या स्पाइकसाठी, म्हणजे विद्युत झटक्यासाठी मात्र ट्रान्झिस्टर लहान आणि थर पातळच ठेवावा लागतो.