तत्त्वज्ञान म्हणजे काय, ते काचेच्या पेटीसमोर उभं राहून सांगा

पऱ्हाटीवाला
घाटंजीकडचे आम्ही. एकतिसाव्या आठवड्यात बायकोचा बीपी वाढला, पाय सुजले, १०८ बोलावली आणि पहाटेपर्यंत मुलगी झाली. १२८० ग्रॅम. कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवलंय. आज २६वा दिवस. दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितोय, भाषा कडक वाटली तर वाटू द्या.

इथं जो भेटायला येतो तो बिस्किटपुड्यासोबत थोडं तत्त्वज्ञान ठेवून जातो. साडू म्हणाले, आपल्या हातात काय आहे? मामाजी म्हणाले, सटवीनं कपाळावर लिहिलं ते पुसत नाही. एका काकांनी 'कर्मण्येवाधिकारस्ते' अख्खं म्हणून दाखवलं. शेजारच्या बुढीनं तर हिशेबच मांडला: "सातमाशी जगते बाप्पा, आठमाशी नाई जगत." आमची आठव्यातली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, उलटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ तगतं.

तिसऱ्या रात्री पोरगी श्वास घ्यायचं विसरली. मशीन वाजलं, सिस्टर आल्या, तळपायाला टिचकी मारली, छाती परत हलायला लागली. सिस्टर वहीत वेळ लिहून पुढच्या बाळाकडे गेल्या. जगातल्या सगळ्या तत्त्वज्ञानाला त्या टिचकीएवढी किंमत नाही. ज्याचं काही पणाला लागलेलं नाही, त्याची ती करमणूक. पटत नसेल तर सांगा.

निवृत्त_मास्तर
नाही पटत. आधी लेकीला आयुष्य लाभो. पण तुम्हाला मिळालं ते तत्त्वज्ञान नव्हे, शिळं सांत्वन होतं. सॉक्रेटिसची आई सुईण होती. प्लेटोनं लिहिलेल्या एका संवादात तो म्हणतो, माझाही धंदा तोच. लोकांच्या डोक्यातून विचार बाहेर काढायचे आणि निघालेला खरा की पोकळ ते तपासायचं. बुढीचा हिशेब ऐकून तुम्ही गप्प बसला नाहीत, 'कावून?' म्हणत डॉक्टरांकडे गेलात. तेच तत्त्वज्ञान. बी.ए.च्या पोरांना तीस वर्षं मी याहून जास्त काही शिकवलं नाही.

वरोऱ्याचा_खत्रूड
मास्तर, अर्धीच गोष्ट सांगता जी. त्याच संवादात तुमचा सॉक्रेटिस म्हणते, विचार पोकळ निघाला तर मी तो टाकून देईन, अन् पहिलटकरीण लेकरू हिसकलं का चवताळते तसे चवताळू नका. लेकरू टाकून द्याची चाल त्यायच्यात होती म्हणूनच हे उदाहरण सुचलं ना? ॲरिस्टॉटल तर सरळ लिहिते का व्यंग असलेलं मूल पोसू नये, असा कायदाच असावा. १२८० ग्रॅमची पोरगी नेऊन पाहा बरं त्यायच्या दारात. आमच्या गावची अडाणी सुईण बरी, थे लेकराले कापसात गुंडाळून ठेवत होती.

निवृत्त_मास्तर
ॲरिस्टॉटलचं मान्य, त्याची वकिली करणार नाही. पण तो चुकला हे कशाच्या जोरावर म्हणता? सव्वा किलोच्या जिवाची किंमतही पुरी आहे, हे आधी कुणीतरी ठरवलं, भांडून ठरवलं, म्हणून तिथं पेटी आहे आणि रात्री जागी असलेली सिस्टर आहे. टिचकी त्यानंतरची.

आशा_दहा_वर्षं
मी आशा कार्यकर्ती आहे. ग्रीस राहू द्या. 'आपल्या हातात काय आहे' हे मी दर आठवड्याला ऐकते. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत हाच प्रश्न खरोखर विचारला. गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचे, जंतुदोष दिसला तर इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी, ही सोय नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. मामाजींना सांगा, सटवीच्या लिखाणात बरीच खाडाखोड करता येते.

कळंबची_लेक
आशाताई, तुम्हाला टाळ्या मिळतील. मी मात्र सटवीच्या बाजूनं बोलते. माझं पहिलं बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं, चौथ्या दिवशी गेलं. सगळ्या तपासण्या केल्या, कारण सापडलं नाही. मग उरलं कोण? मीच. मी हंडा उचलला, मी मोटारसायकलवर बसली, मी पपई खाल्ली. सासू एवढंच म्हणाली, "लिहिलंच तेवढं होतं बाई, तुयं काई चुकलं नाई." त्या दिवशी मी ताटावर बसली. ते वाक्य खरं की पोकळ, मास्तरांनी तपासत बसावं.

भाऊ, तुम्हाला धावपळ तरी आहे. तुमची बायको खाटेवर पडून काय विचार करते, ते विचारलं का कधी?

कीर्तनप्रेमी
गाडगेबाबांचं आठवा. कीर्तनात उभे असताना मुलगा गेल्याचा निरोप आला, तर म्हणाले, 'ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी.' कीर्तन थांबवलं नाही.

वरोऱ्याचा_खत्रूड
बाबा सोताच्या लेकराबद्दल बोलले. दुसऱ्याच्या मायले ऐकवायले नाई गेले. बुद्धाकडे किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन आली, तर त्यानं प्रवचन नाई देल्लं. जिथं कोणी मेलं नाई अशा घरची मोहरी आण म्हणाला. थे दारोदार फिरली, तिचं तिले समजलं.

पऱ्हाटीवाला
कळंबच्या ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "सातव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला म्या, म्हणून झालं का जी?" २६ दिवस हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा तिचं दूध निघालं ते दोन मिली. सिरिंजमध्ये घेऊन वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. बोंडांनी चिरलेली बोटं, सांडेल म्हणून भिंत धरून जिना चढलो. रोज दूध नेलं, बोललो काहीच नाही. तिला वाटत होतं, माझा राग आहे.

आज राउंडला डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारलं. ते म्हणाले, बीपी नेमका का वाढला ते सांगता येणार नाही, पण यात तुझी चूक नाही. ती डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

साडूचं वाक्य अजूनही पटलेलं नाही. पण ते मला लागलं म्हणून तिलाही लागलं असेल, हे मी धरून चाललो होतो.

आशा_दहा_वर्षं
भाऊ, मधेच एक कामाचं. दोन किलोच्या आतल्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, पडद्याचा आजार वरून दिसत नाही. आणि उघड्या छातीवर घेणं सोडू नका. कोलंबिया देशातल्या बोगोटात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ते सुरू झालं, आता पेट्या असूनही करतात.

पऱ्हाटीवाला
डोळ्यांची तारीख परवाची दिली आहे. वजन आज १५१०. आता अंगावर घ्यायची पाळी माझी, शर्ट काढून बसावं लागतं, मोबाईल बाहेर ठेवतो. मास्तरांना रात्री उत्तर देतो.