जळगाव ते भुवनेश्वर, दोघंच, कारने. रस्ता कसा आहे?

ह्यांची बदली झाली. मोठं सामान ट्रकने पुढे गेलं, आता आम्ही निघतोय. मागच्या सीटवर कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, काळा मसाला. आईने लोणच्याच्या बरणीला फडकं करकचून बांधून दिलंय, ती माझ्या पायाशीच राहणार! मुक्काम कुठे करावेत?

तापीकाठ: ताई, महामार्ग ५३ आपल्या दारातूनच जातो. भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर. पुढे अंगुलमार्गे भुवनेश्वर. घाई नसेल तर नागपूर, रायपूर, संबलपूर असे मुक्काम करा. देवरीकडचा जंगलाचा पट्टा उजेडातच पार करा, रात्री अजिबात नको. संबलपूरला महानदीवरचं हिराकुड धरण बघाच, १९५७ सालचं आहे.

फैजपूरकर: गाडीचे कागद आत्ताच बघा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहायचं तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते. नंतर लांबून धावपळ फार होते.

केळीबाग: भरताच्या हिरव्या वांग्यांचं बियाणं न्या ताई. कुंडीतही येतात. आणि पोचल्यावर इथे कळवा, काळजी वाटते.