शब्दचर्चा : तलफ, विथड्रॉवल, रिलॅप्स – मराठीत काय म्हणावं?

पानगळ
व्यसनमुक्तीवरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी तपासते आहे. मसुद्यात 'तलफ' आणि 'विथड्रॉवल' एकमेकांच्या जागी आलेत, 'टॉलरन्स'ला 'सहनशक्ती' म्हटलंय, 'रिलॅप्स'ला (सुटलेलं व्यसन पुन्हा सुरू होणं) 'पुनःपतन' आणि 'ट्रिगर'ला चक्क 'चाप'. वाचणारे आहेत रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं. नुसते प्रतिशब्द नकोत, कुठला शब्द का चालत नाही तेही सांगा.

खडूफळा
'व्यसन'पासूनच सुरू करू. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असा आहे. कौटिल्य 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्' अशी फोड करतो : माणसाला त्याच्या भल्यापासून दूर फेकतं ते व्यसन. मनुस्मृतीत अठरा व्यसनं आहेत, दहा कामातून आलेली आणि आठ क्रोधातून. त्यात मद्य आणि जुगाराच्या रांगेत शिकार, दिवसाची झोप आणि उगाच भटकणंही बसवलंय. (दुपारी झोपणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.) म्हणजे पोटात पदार्थ गेलाच पाहिजे अशी अट या शब्दाला कधीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२पासून लागू झालेलं आजारांचं अकरावं वर्गीकरणही जुगार आणि गेमिंगचे विकार नशेच्या विकारांबरोबर एकाच गटात ठेवतं. तेव्हा 'व्यसन' खुशाल ठेवा. फक्त 'वाचनाचं व्यसन' हा कौतुकाचा वापर पुस्तिकेत नको.

उंबरठा
मला सर्वांत जास्त खटकतं ते तलफ आणि विथड्रॉवल एक करणं. इथे चूक भाषेपुरती राहत नाही.

विथड्रॉवल म्हणजे पदार्थ बंद केल्यावर किंवा एकदम कमी केल्यावर शरीराला होणारा त्रास. तो बहुधा पदार्थाच्या परिणामाच्या उलट असतो. दारू मेंदूचं काम मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला स्वतःला जास्त उत्तेजित ठेवतो. दारू काढून घेतली की ती उत्तेजित अवस्था उघडी पडते. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत सुरू होतं. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत, आणि भ्रम होऊन माणूस बरळू लागतो ती गंभीर अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांत. तीत जीव जाऊ शकतो. हेरॉइनचा त्रास ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो, आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. यालाच बोलीत 'टर्की' म्हणतात. निकोटिनचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतो.

तलफ या वेळापत्रकात बसत नाही. शरीर शांत झाल्यावर कित्येक महिन्यांनीही ती येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तर पदार्थ बंद केल्यावर पहिले काही आठवडे, त्या पदार्थाची आठवण देणाऱ्या खुणा दिसल्यावर उठणारी ओढ उतरण्याऐवजी वाढत गेलेली दिसली आहे. घरची माणसं दहा दिवस मोजतात, थरथर थांबलेली बघतात आणि 'सुटली एकदाची' म्हणून निर्धास्त होतात. पुस्तिकेनं दोन्हींना 'तलफ' म्हटलं तर त्यांचा दोष नाही, आपणच त्यांना तसं वाचायला लावलं.

'वियोगलक्षणे' असा शब्द कुणी सुचवेल, त्याआधीच हात जोडतो. 'बंद केल्यावरचा त्रास' असं सरळ लिहा आणि एकदा 'विथड्रॉवल' द्या, कारण डॉक्टर तोच शब्द वापरणार आहेत.

कोशकिडा
'हळूहळू सोडणे' यासाठी जुनी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ७) अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट क्रमाक्रमानं सोडावी असं सांगून 'पादांशिक क्रम' दिलाय, म्हणजे पाव-पाव भागानं कमी करत जायचं. 'ओकसात्म्य' हाही आयुर्वेदातला शब्द : सततच्या सेवनानं शरीराला मानवलेलं, मग ते मुळात हितकर नसलं तरी.

उंबरठा
संज्ञा छान आहे, पण 'पाव-पाव कमी करा' हे दारूच्या पानावर छापू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी माप कमी करत नेणं बहुतेकदा फसतं, कारण माप ठरवणारा आणि पिणारा एकच असतो. एकदम बंद करणंही धोक्याचं, विशेषतः आधी कधी फिट आली असेल तर. तिथे डॉक्टर दारूऐवजी दुसरं औषध देऊन त्याचा डोस काही दिवसांत उतरवत आणतात, सोबत थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देतात. सिगरेट सोडण्यासाठी त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्यांत मात्र असा क्रम ठरलेला आहे. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगरेटी ओढणाऱ्याला नेहमीचा क्रम २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ दोन आठवडे, मग ७ दोन आठवडे.

रानजाई
आता तलफ. मसुद्यात कुठेतरी 'दारू प्यावीशी वाटणे, कारण ती आवडते' अशी व्याख्या असेल तर ती काढा. आवडणं आणि हवंसं वाटणं यांची वाट मेंदूत पुष्कळशी वेगळी आहे, हा मुद्दा रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांनी १९९३मध्ये मांडला. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी. व्यसन मुरत जातं तसं आवडणं विझतं, पण ओढ वाढत जाते. म्हणून माणूस खरोखर सांगतो की 'आता मजा येत नाही', आणि तरी पितो. ऐकणाऱ्याला वाटतं खोटं बोलतोय.

मराठीत यासाठी 'चटक' हा शब्द फार नेमका आहे. 'आवड असणे' आणि 'चटक लागणे' यांतला फरक कुणालाही समजावावा लागत नाही. माझं मत : कायमची अवस्था ती 'चटक', तिचा एखादा झटका ती 'तलफ'. तलफ येते, चढते आणि तिला खाद्य दिलं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरते. 'तलफ असते' असं लिहिलं की ती कायमची वाटते. 'तलफ येते' लिहा.

पानगळ
'चटक' घेतलाच. आणि ट्रिगर?

रानजाई
'चाप' नको. चाप ओढला की गोळी सुटतेच, इथे तसं नसतं. क्रियापद वापरा : 'तलफ चाळवणाऱ्या गोष्टी'. त्या बाहेरच्या असतात (ठरावीक वेळ, जागा, सोबती, पगाराचा दिवस) आणि आतल्याही. आतल्यांसाठी समुपदेशक चार तपासायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. आनंदही त्यात धरा, तो नेहमी राहून जातो. चांगली बातमी आली की 'आज एक दिवस' हे वाक्य फार सहज निघतं.

चुकामूक
एवढं कशाला? ज्याची इच्छाशक्ती पक्की तो सोडतो.

उंबरठा
'इच्छाशक्ती' हा शब्द सगळं लक्ष पेला हातात घेण्याच्या क्षणावर नेतो, आणि तोच क्षण सर्वांत हाताबाहेरचा असतो. साखळी त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. झोप बिघडते, भेटीगाठी टळतात, जुन्या सोबत्याला सहज फोन होतो, नेहमीचा रस्ता सोडून 'जवळचा' धरला जातो, खिशात नेमकी रोकड असते. प्रत्येक निर्णय एकेकटा पाहिला तर निरुपद्रवी. बंद ठेवण्याचं काम तिथे करायचं असतं, आणि तिथे निग्रहापेक्षा आखणी उपयोगी पडते : रोकड कमी, रस्ता वेगळा, संध्याकाळचा तो तास आधीच कशात तरी बांधलेला, फोन करायचं माणूस ठरलेलं. पुस्तिकेत 'इच्छाशक्ती वाढवा' असेल तर खोडून तिथे याच गोष्टी लिहा.

खडूफळा
'पुनःपतन'ला माझा सक्त विरोध. 'पतन' आला की पापपुण्य आलंच. मराठीत आजारासाठी घरगुती शब्द आहे : 'उलटणं'. ताप उलटला, दुखणं उलटलं. तसं 'व्यसन उलटलं'.

चुकामूक
म्हणजे पिणाऱ्याची जबाबदारीच संपली?

उंबरठा
ताप उलटला म्हणून कुणी पथ्य सोडत नाही, उलट कडक करतो. मला 'उलटणं' पसंत आहे, पण त्याच्या शेजारी दुसरा शब्द लागेल. एकदा घेतलं जाणं आणि पूर्ववत रोज सुरू होणं या दोन पायऱ्या आहेत. पहिलीला 'पाय घसरणं' म्हणा, दुसरीला 'उलटणं'. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी हा फरक ठळकपणे मांडला. घसरण्यापासून उलटण्यापर्यंत माणसाला नेतं ते बऱ्याचदा एक वाक्य : 'एवीतेवी मोडलंच आहे, आता काय राहिलं?' अपराधी वाटतं, ते बुडवायला पुन्हा पदार्थ, त्यातून आणखी अपराधी. घरच्यांनी 'सगळं पाण्यात गेलं' म्हटलं की हे चक्र जोरात फिरतं.

घसरल्यावर काय करायचं तेही तिथेच छापा. उरलेलं लगेच फेकायचं आणि त्या जागेवरून उठायचं. त्याच दिवशी एका माणसाला सांगायचं. दुसऱ्या दिवशी, डोकं ताळ्यावर आल्यावर, मागच्या तीन-चार दिवसांत काय-काय घडलं ते क्रमानं लिहून काढायचं. चालू औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही.

पानगळ
टॉलरन्स राहिला.

कोशकिडा
'सहनशक्ती' हा गुण आहे, त्यामुळे वाक्य कौतुकासारखं वाचलं जातं. 'त्याला पचते' ही बोलीतली फुशारकी त्याच जातीची. 'सराव' कसा वाटतो?

उंबरठा
'शरीर सरावणं' चालेल. व्याख्या अशी : तेवढाच परिणाम मिळायला पूर्वीपेक्षा जास्त मात्रा लागणे. आणि लगेच खाली चौकटीत, ठळक : बंद ठेवल्यावर हा सराव उतरतो. हेरॉइनसारख्या पदार्थात काही आठवड्यांच्या खंडानंतर माणूस जुनीच मात्रा घेतो, शरीर तेवढं पेलत नाही, श्वास मंदावतो आणि थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे यासाठीच सर्वांत धोक्याचे. ही चौकट 'उलटणं'च्या पानावर टाका. 'सराव'च्या पानावर ती कुणी शोधणार नाही.