आयटीआय झालं, अप्रेंटिसशिप घेऊ की थेट साइटवर जाऊ?

नवा_वीजतंत्री: वीजतंत्री ट्रेडची दोन वर्षं झाली, एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं) प्रमाणपत्र हातात आहे. एका ठेकेदाराकडे हेल्परचं काम मिळतंय, मुख्यतः झिऱ्या मारणं (पाइपसाठी भिंतीत खाचा पाडणं) आणि पाइप टाकणं. दुसरीकडे एका कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप आहे, पण स्टायपेंड रोजंदारीपेक्षा कमी. पुढे स्वतःची कामं घ्यायची आहेत. काय करू? आणि सराव कशाचा करू?

पॅनलवाले: अप्रेंटिसशिप घे. वर्षाअखेरीच्या परीक्षेनंतर मिळणारं प्रमाणपत्र भरतीत बऱ्याच ठिकाणी मागतात. शिवाय कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, स्टार-डेल्टा स्टार्टर या मोटरच्या पॅनलमधल्या उपकरणांवर हात बसेल, तो बंगल्याच्या साइटवर बसत नाही. महावितरणची अप्रेंटिसशिप मिळाली तर लाइनचं काम जास्त, घरगुती वायरिंग कमी, हे धरून चाल.

स्वतःची कामं घ्यायची म्हणतोस, तर नियम आधी समजून घे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला परवाना लागत नाही. नवीन वायरिंग मात्र परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवी: देखरेख सक्षमता प्रमाणपत्रवाल्याची, हात परमिटवाल्याचे, म्हणजे तारतंत्री परवाना असलेल्याचे. नवीन कनेक्शनचा टेस्ट रिपोर्टही ठेकेदाराच्याच सहीचा. म्हणून तारतंत्री परवान्याचं काम अप्रेंटिसशिप संपताच हाती घे, 'बघू नंतर' म्हणून ठेवू नकोस.

झिरीपट्टी: थोडं वेगळं मत. हेल्परचं काम अगदीच टाकाऊ नाही, फक्त ठेकेदाराला एकच विचार: डीबी (घरातला वीज वाटणारा बोर्ड) बांधायला आणि टेस्टिंगला हात लावू देणार का? 'नंतर बघू' म्हणाला तर वर्षभर छिन्नी-हातोडाच. हो म्हणाला तर अप्रेंटिसशिप करता करता सुट्टीच्या दिवशी जात जा.

सरावाचं म्हणशील तर मापं तोंडपाठ हवीत. लाइट-फॅनला १.५ चौ. मिमीची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४. एका लाइट सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून १.५ च्या वायरवर ३२ अँपिअरचा बसवणारे महाभाग भेटतील. एमसीबी वायरीला वाचवायला असतो; तो असा मोठा बसवला की वायर तापते आणि एमसीबी शांत बसतो. बारीक तारा टर्मिनलमध्ये मावत नाहीत म्हणून दोन-चार कापून टाकणं हाही तसलाच प्रकार. पिन लग (तारांच्या टोकाला दाबून बसवायची पिन) लाव.

पॅनलवाले: आणि आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) का पडतो ते शोधायला शीक, नवीन माणसाची परीक्षा तिथेच होते. सगळे एमसीबी खाली करून एकेक चढवायचा, एवढंच बहुतेकांना येतं. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल लिंकला (सगळे न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीला) जोडलेलाच राहतो. कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर दोष बेडरूममध्ये आणि ट्रिप बाथरूमचा गिझर लावल्यावर. मग बिचारा गिझर बदलला जातो! मेन बंद करून एकेक न्यूट्रल लिंकवरून सोडव, नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तो न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तपास. एलईडीचे ड्रायव्हर, डिमर आधी वेगळे कर. एक मेगोहमपेक्षा कमी आलं तर दोष त्याच सर्किटमध्ये. साध्या मल्टिमीटरचा दाब फार कमी, ओलाव्याचा दोष त्यात बहुधा दिसत नाही. मेगरला सगळं ठीक आलं तर दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत का बघ. इन्व्हर्टरचा पॉइंट मागाहून टाकलेल्या घरात हे हमखास.

नवा_वीजतंत्री: मेन बंद केला की न्यूट्रलला बिनधास्त हात लावता येतो ना?

झिरीपट्टी: नाही! इन्व्हर्टर असेल तर मेन पडल्या पडल्या तोच सर्किट चालवायला लागतो. आधी इन्व्हर्टरचा स्विच बंद कर, मग मेन पाड, आणि सप्लाय नाही हे बघूनच त्याचं आउटपुट सोडव. नंतर दोन तारांच्या टेस्ट लॅम्पने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघ. लॅम्प आधी चालू पॉइंटवर पेटवून घे, उडालेला बल्बही 'सप्लाय नाही' असंच सांगतो. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको.