रॉक कॉन्सर्टच्या परवानगीत १०० डेसिबलची अट हवी की नको?

कानसेन:
जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कॉन्सर्टच्या जागांसाठी मानक काढलं. आवाजाची १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ए-च्या (ए म्हणजे माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्याच्या जवळ जाणारं मोजमाप) वर जाऊ नये, मोजमाप सतत चालू राहावं, प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत, कानांना विसावा द्यायला शांत जागा असावी. फ्रान्समध्ये तर १०२ची मर्यादा कायद्यानेच आहे. आपले २०००चे ध्वनिप्रदूषण नियम शेजाऱ्यांसाठी आहेत: रात्री दहाची वेळ आणि हद्दीवरचा आवाज. स्टेजपुढच्या रेलिंगला चिकटून उभ्या असलेल्या पोराच्या कानात काय जातंय, ते कुणीच बघत नाही. परवानगी देतानाच ही अट घालायला हवी.

डिस्टॉर्शन_फुल्ल:
सपशेल विरोध. स्नेअर ड्रमला माइक नसला तरी वाजवणाऱ्याच्या कानाशी तो १००च्या पुढे जातो. लहान क्लबात ड्रम आणि गिटारच्या अँपनेच मर्यादा भरते, मग गायकाला जागा कुठली? आणि रॉक छातीत जाणवायलाच हवं. ज्याला सोसत नाही त्याने मागे उभं राहावं.

डेस्कमागे:
मागे जाऊन नेहमीच भागत नाही. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, टांगलेल्या लाइन अरेसमोर (एकाखाली एक जोडलेल्या स्पीकरांच्या रांगेसमोर) जवळच्या पट्ट्यात मात्र ३च्या आसपास. बंद हॉलमध्ये भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ठरावीक अंतरानंतर फरकच पडत नाही.

क्लबातला घोळ स्टेजवर होतो. अँप गुडघ्याच्या उंचीवर असला की त्यातला तिखट, उंच सुरांचा भाग गिटारिस्टच्या कानाला लागतच नाही. तो सरळ पहिल्या रांगेत जातो. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, मग गायकाचा मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) वाढवावा लागतो आणि माइक शिट्टी मारायला लागतो. अँप खुर्चीवर ठेवा, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरपा करा, जमिनीवरच्या वेज मॉनिटरऐवजी इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) द्या, ड्रमपुढे अ‍ॅक्रिलिकचा पडदा लावा. मग गायकाला जागा सापडते. छातीतला दणका खर्जाचा, आणि ए मोजमापात खर्ज फार कमी धरला जातो, त्यामुळे तो शिल्लक राहतोच.

डिस्टॉर्शन_फुल्ल:
म्हणजे सब (खर्जाचे स्पीकर) वाढवून मर्यादेला बगल देता येते, हे तुम्हीच सांगितलंत! शिवाय मिक्सरच्या डेस्कपाशी १०० म्हणजे रेलिंगला किती? इअरप्लग घातले तर सगळं गोधडीत तोंड खुपसून ऐकल्यासारखं.

कानसेन:
खर्जासाठी फ्रान्सने सी मोजमापाची (यात खर्ज बराच जास्त धरला जातो) ११८ची मर्यादा वेगळी ठेवलीय. डेस्क आणि रेलिंगमधल्या फरकाचं उत्तर जर्मन मानकात आहे. शोआधी पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) वाजवून डेस्कपाशी आणि प्रेक्षकांतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी, दोन्हीकडे मोजायचं. फरक ६ आला तर १००च्या मर्यादेला डेस्कवरचा आकडा ९४. मीटर मात्र कॅलिब्रेट केलेला हवा, फोनच्या भरवशावर हे करू नये.

ऑडिओमेट्री:
१०० म्हणजे सुरक्षित, असंही धरू नका. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या हिशेबाने ८५ला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १००ला फक्त १५ मिनिटं. दोन तासांचा शो म्हणजे दिवसभराच्या मर्यादेच्या आठपट मात्रा. म्हणून अट असो वा नसो, प्लग हवेतच.

आवाज दबका होतो तो फोमच्या प्लगने, कारण तो उंच सूर जास्त कापतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग १५ ते २० डेसिबल बऱ्यापैकी समान उतरवतात. फोमच वापरायचा तर बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मग तळवे कानांवर दाबून बघा; आवाज आणखी बराच उतरला तर प्लग नीट बसलेला नाही. कापूस, टिश्यू बिनकामाचे. आणि गप्पांसाठी प्लग काढू नका: २० डेसिबलचा प्लग तासात सहा मिनिटं बाहेर राहिला, तर अख्ख्या तासाचं संरक्षण १०च्याही खाली येतं.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिले तरच होतो.

डिस्टॉर्शन_फुल्ल:
गेटवर फुकट प्लग द्यायला माझी ना नाही, उद्यापासून द्या. पण तीनशे माणसांचा क्लब आणि मैदान यांना एकच आकडा मला मान्य नाही. आणि तपासणार कोण? पोलीस दहा वाजता येतात ते शो बंद करायला.

डेस्कमागे:
१५ मिनिटांची सरासरी मिक्सरशेजारच्या स्क्रीनवर सतत दिसत ठेवा आणि तिची नोंद आयोजकाने जपून ठेवावी. तपासायला कुणी आला तर नोंद मागेल. आणि मिक्स करताना आकडा समोर असला की हात आपोआप आवरता राहतो. रात्र चढते तसे इंजिनीअरचे कानही बधिर होतात आणि फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर सरकत जातो. क्लबासाठी वेगळा आकडा हवा असेल तर तो किती, ते मांडा.