प्रतिसाद: खाऱ्या पाण्याची टाकी, कमी खर्चात

समुद्री माशांच्या १०० लिटरच्या टाकीसाठी मीठ (मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ, स्वयंपाकाचं नव्हे) आणि आरओच्या (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्याचा खर्च वाचवायला चौपाटीचं पाणी चालेल का, असं वर विचारलंय. मुंबईच्या किनाऱ्यावरचं तर अजिबात नको. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात क्षारता घसरते.

मिठाचा हिशोब सोपा आहे: लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. बादलीत आधी पाणी, मग पंप चालू ठेवून थोडं थोडं मीठ. उलट केलंत तर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं. घरच्या आरओचं पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासा. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी मूळ पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, तो पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषून घेणारं) काडतूस जोडा. रीडिंग शून्याजवळ हवं, नाहीतर शेवाळ पाठ सोडत नाही.

स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) सध्या टाळा. एक-दोन लहान मासे असतील तर दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारं उपकरण) मात्र पैसे खर्च कराच. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरमध्ये काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ धरा.

बाष्पीभवनाने घटलेलं पाणी साध्या आरओनेच भरा, खाऱ्याने नव्हे. मीठ उडून जात नाही.

नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी असणारे पदार्थ) चाचणीत आधी वाढून मग दोन्ही शून्य येईपर्यंत, म्हणजे सहसा चार ते सहा आठवडे, मासा आणू नका.