फुल्यांनी पुस्तकाला 'गुलामगिरी' नाव का दिलं, आपल्याकडं कुठं गुलाम होते?

कराडकर_बाप
पोरगी आठवीत आहे, सोमवारी भाषण आहे, विषय गुलामगिरीचं निर्मूलन. तिनं लिंकन वगैरे लिहून काढलाय पण बाई म्हणल्या आपल्याकडचं पण काहीतरी घाल. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आपल्याच खटावात आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, इथवर मला माहितीये. पण आपल्याकडं माणसांचा बाजार कुठं भरायचा? का उगं जोरात म्हणायचं म्हणून तसं नाव दिलं? सांगा जरा.

नदीकाठ
दादा, पुस्तकाचं पहिलं पान वाचायला सांगा तिला. अर्पणपत्रिकाच अमेरिकेतल्या लोकांना आहे, त्यांनी काळ्या गुलामांना सोडवलं म्हणून, आणि आपल्या लोकांनी पण तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं अशी आशा धरलीय. पुस्तक १८७३ चं, तिकडची गुलामी बंद करणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे ताजी बातमी होती ती तेव्हा. आणि पुस्तकाच्याच वर्षी, १८७३ च्या सप्टेंबरात, फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला.

जुनी_कागदं
आणि गुलाम नव्हते असं कोण म्हणलं? पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे विकत घेतलेल्या दासींच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत की. दळण, शेण, पाणी, सगळं त्यांच्याकडनं करून घ्यायचे. नाव कुणबीण पण जात कुठलीही असायची.
इंग्रजांचा गुलामी बंद करणारा १८३३ चा कायदा लोक कौतुकानं सांगतात, पण त्यातनं कंपनी सरकारचा मुलूख वगळलेला, म्हणजे आपण बाहेरच. वर नुकसानभरपाई दोन कोटी पौंड, ती कुणाला, तर मालकांना! सुटलेल्यांना दमडी नाही, उलट बहुतेकांना 'शिकाऊ' म्हणून १८३८ पर्यंत तिथंच राबवलं. आपल्याकडं १८४३ ला कायदा आला, तोही कसा, तर 'तुम्ही मोकळे' असं कुणाला सांगितलंच नाही, फक्त हा माझा गुलाम आहे असा दावा घेऊन कोर्टात आलात तर कोर्ट ऐकणार नाही, एवढंच. गुलाम विकणं-घेणं गुन्हा ठरलं ते १८६० च्या दंडसंहितेत.

माणदेशी
माहिती चांगली आहे सर, पण कुणबीण आणि अमेरिकेतला मळा एका मापात मोजू नका. आपल्याकडचं खरं जोखड वतनाचं. महार वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि त्यापायी सरकारची, गावाची दिवसरात्र वेठ, घरातला माणूस आजारी असला तरी निरोप घेऊन जायचंच. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल मांडलं, ते साताऱ्याच्या शाळेत शिकलेत हे पण पोरीला घालायला सांगा. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

वाळवा_ऊस
वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा आहे म्हणे. आमच्या उसाच्या फडात दरवर्षी तोडणीला टोळी येते, एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं, उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे दसऱ्याच्या आधीच घेतलेले, ते फिटेस्तोवर बाई बाळंत झाली तरी फडातच. मी पण त्याच टोळीकडनं ऊस तोडून घेतो, लपवत नाही.

माणदेशी
ते वेगळं हो. उचल घेऊन टोळी आणणारा मुकादम पळतो आणि शेतकरी बुडतो, ते पण सांगा की.

वाळवा_ऊस
मुकादम पळतो, कोयता पळत नाही. माझे पण दीड लाख गेलेत दोन वर्षांमागं, तरी म्हणतो.

कराडकर_बाप
सगळ्यांचे आभार. पोरीनं लिंकन निम्मा कापला, आणि मालकांना पैसे का दिले हे मला तीनदा विचारलं, मी म्हणलं बाईंना विचार. उचलीचं पण लिहिलंय तिनं. आता बाईंच्या घरचाच चार एकर ऊस आहे, बघू सोमवारी काय होतंय.